पैसा बायकांचा, सही कुणाची?

आफ्रिका आणि दानधर्म हे दोन शब्द शेजारी आले की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेलं चित्र येतं. धुळीचा रस्ता, रांगेत उभ्या बायका, कडेवर पोरं आणि समोर एक पांढरी जीप. जीपच्या दारावर कुठल्यातरी परदेशी संस्थेचं चिन्ह. देणारा बाहेरचा, घेणारी तिथली. हे चित्र अगदीच खोटं नाही, पण फार अपुरं आहे. त्यात बायकांचा स्वतःचा पैसा कुठेच दिसत नाही.

गेले काही महिने मी जमेल तसं आफ्रिकेतल्या बायकांच्या संघटनांविषयी वाचतेय. सुरुवात झाली घानाच्या बाजारांपासून, मग नायजेरिया, मग केनिया असं करत करत एका फंडाच्या गोष्टीपाशी येऊन थांबले. वाचताना मनात एकच प्रश्न घोळत राहिला: पैसा कुणाचा होता, आणि तो कुठे जायचा हे ठरवणारी सही कुणाची होती? या दोन गोष्टी एकाच हातात क्वचितच आल्या. जेव्हा आल्या तेव्हा मात्र काहीतरी घडलं. आजचं लिखाण त्याबद्दल.

आधी भिशी. आपल्याकडे भिशी म्हणजे काय हे कुणाला सांगायला नको. दहा-बारा जणी जमायच्या, दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची, चिठ्ठी टाकायची आणि सगळी रास एकीच्या हातात द्यायची. आमच्या घरातल्या निम्म्या वस्तू अशा आल्या आहेत, तुमच्याही आल्या असतील. हीच पद्धत आफ्रिकेत इतक्या नावांनी सापडते की गंमत वाटते. नायजेरियात योरुबा लोक तिला एसुसु म्हणतात, घानात सुसु, कॅमेरूनमध्ये न्जांगी, केनियात चामा, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल, इथिओपियात इकुब. गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हा प्रकार अटलांटिक ओलांडून त्रिनिदादलाही पोचला आणि तिथे आजही तो 'सूसू' म्हणूनच ओळखला जातो.

घानात सुसुचा आणखी एक प्रकार आहे, तो आपल्या पिग्मीवाल्याची आठवण करून देणारा. सुसु गोळा करणारा रोज बाजारात फिरतो, प्रत्येक विक्रेतीकडून ठरलेली रक्कम घेतो, तिच्या कार्डावर खूण करतो आणि महिन्याच्या शेवटी तिचे पैसे तिला परत करतो. त्यातली एका दिवसाची रक्कम त्याची मजुरी. व्याज नाही, उलट बचत करणारीच पैसे देते! तरी बायका हे करतात, कारण घरात ठेवलेला पैसा टिकत नाही. तो कुणी ना कुणी मागतंच. सुसुवाल्याकडे गेलेला पैसा निदान महिनाभर तरी तिचा असतो.

म्हणजे पैसा साठवणं, एकमेकींना देणं, विश्वासावर व्यवहार चालवणं, यातलं काहीही या बायकांना बाहेरून कुणी येऊन शिकवलेलं नाही. प्रश्न पुढचा आहे. या पैशातून सत्ता का उभी राहिली नाही?

याचं एक उत्तर अक्रा शहरातल्या माकोला बाजाराच्या इतिहासात आहे. हा बाजार १९२४ साली उभा राहिला आणि तिथला व्यापार बायकांच्याच हातात होता. कापड, मासळी, कंदमुळं, डबाबंद माल, सगळं. १९४९ साली क्वामे एन्क्रुमा यांनी स्वातंत्र्यासाठी कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी काढली, तेव्हा या बाजारकरणींनी पक्षाला पैसा दिला, सभांना माणसं जमवली, कार्यकर्त्यांना खाऊ घातलं. १९५७ साली घाना स्वतंत्र झाला त्यात या बायकांच्या गल्ल्यातल्या नाण्यांचाही वाटा होता.

पुढे काय झालं? १९६० साली एन्क्रुमा सरकारने कायदा करून संसदेत दहा बायका आणल्या. त्या काळात ही मोठीच गोष्ट होती, ती नाकारायचं कारण नाही. पण त्याच वर्षी देशातल्या स्वतंत्र महिला संघटना गुंडाळून पक्षाच्या छत्राखाली एकच राष्ट्रीय महिला परिषद करण्यात आली. एव्हलिन अमार्तेफिओ या बाईंनी १९५३ साली गोल्ड कोस्टमधल्या महिला मंडळांचा महासंघ उभा केला होता, तोही त्यात विरून गेला. आणि १९६६ मध्ये लष्कराने एन्क्रुमांना खाली खेचल्यावर ती परिषदही गेली. ज्या छत्राखाली सगळ्यांना आणलं होतं ते छत्रच उडालं. मागे स्वतःचं म्हणून फारसं काही उरलं नाही.

त्यानंतरची गोष्ट जास्त वाईट आहे. १९७९ च्या जूनमध्ये जेरी रॉलिंग्ज यांच्या नेतृत्वाखाली तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी सत्ता घेतली. महागाई भयंकर होती, बाजारात माल नव्हता, लोक चिडलेले होते. दोष कुणाला द्यायचा? बाजारकरणींना! साठेबाजी आणि काळाबाजार यासाठी तिथे 'कालाबुले' असा एक शब्द होता, तो या बायकांना चिकटवला गेला. सैनिकांनी विक्रेत्यांना भर रस्त्यात फटके मारले. आणि १८ ऑगस्ट १९७९ रोजी माकोला बाजार सुरुंग लावून उडवून देण्यात आला. त्या जागी पुढे वाहनतळ झाला आणि त्याचं नाव पडलं 'रॉलिंग्ज पार्क'.

तीस वर्षांपूर्वी ज्यांच्या पैशावर पक्ष उभा राहिला त्यांच्या बाजूने उभं राहायला त्या दिवशी कुणी नव्हतं. त्यांच्याकडे सुसु होती, माल होता, ओळखी होत्या. पण खटला लढायला, वर्तमानपत्रात बाजू मांडायला, राजकीय दबाव आणायला लागणारी स्वतःची संस्था नव्हती. भिशीने दुकान उभं राहतं. दुकानावर सुरुंग लागला तर भिशी पुरत नाही.

नायजेरियात मात्र तीस वर्षं आधी एक वेगळी गोष्ट घडून गेली होती. अबेओकुटा हे योरुबा लोकांचं शहर. तिथल्या शाळेशी संबंधित, शिकलेल्या घरातल्या फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांनी १९३२ मध्ये एक लेडीज क्लब काढला होता. शिवणकाम, स्वयंपाक, शिष्टाचार असा मामला. १९४४ च्या सुमारास त्यात बाजारातल्या बायका यायला लागल्या आणि क्लबचा नूरच पालटला. लिहाय-वाचायला शिकायचे वर्ग सुरू झाले, त्याबरोबर बाजारातल्या तक्रारीही आल्या. सरकारचे हस्तक बायकांचा तांदूळ मनमानी भावाने जप्त करत होते. वर बायकांवर वेगळा कर होता, आणि तो गोळा करणारे घरात घुसून दंडेली करत. १९४६ मध्ये क्लबची अबेओकुटा विमेन्स युनियन झाली.

(फुन्मिलायो म्हणजे गायक फेला कुटी यांची आई. त्यांची ओळख बरेचदा एवढीच करून दिली जाते, म्हणून कंसात!)

या युनियनची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मोर्चा नाही. मोर्चे निघालेच. १९४७ च्या नोव्हेंबरात दहा हजारांहून जास्त बायका राजवाड्यासमोर रात्रभर बसून होत्या. पण त्याआधी त्यांनी वर्गणी काढली आणि त्या पैशातून वकील आणि हिशेबनीस नेमले. इंग्रजांनी नेमलेल्या स्थानिक राज्यकारभाराचे, म्हणजे राजा अलाकेच्या कारभाराचे, हिशेब तपासून घ्यायचे होते त्यांना. आमच्याकडून घेतलेल्या कराचं काय झालं ते दाखवा, एवढंच म्हणणं. डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकणाऱ्या बाईने राजाचं ऑडिट मागावं, हे त्या दरबारात कुणी कल्पिलं नसेल. शेवटी बायकांवरचा कर रद्द झाला आणि जानेवारी १९४९ मध्ये अलाकेला गादी सोडावी लागली. (पुढे तो परत आला, पण ती वेगळी गोष्ट.)

माकोला आणि अबेओकुटा शेजारी ठेवून बघा. दोन्हीकडे बाजारातल्याच बायका, दोन्हीकडे त्यांचाच पैसा. अक्रात तो पक्षाच्या तिजोरीत गेला. अबेओकुटात तो बायकांच्या संघटनेत राहिला आणि वकिलाला किती द्यायचे हे बायकांनीच ठरवलं. माझ्या मते सगळा फरक इथे आहे.

स्वातंत्र्यानंतर आफ्रिकेतल्या बहुतेक देशांत सरकारं बायकांसाठी काहीतरी 'देऊ' लागली. पण ते देणं बहुतेक वेळा साहेबांच्या पत्नीच्या हातून. नायजेरियात लष्करशहा बाबांगिडा यांच्या पत्नी मरियम यांनी १९८७ मध्ये 'बेटर लाइफ फॉर रूरल विमेन' नावाचा कार्यक्रम सुरू केला. खेड्यातल्या बायकांचं जीवन सुधारण्यासाठी. समारंभांतले उंची पोशाख बघून लोक त्याला 'बेटर लाइफ फॉर रिच विमेन' म्हणायला लागले. नायजेरियन अभ्यासक अमीना मामा यांनी १९९५ मध्ये या प्रकारावर एक गाजलेला लेख लिहिला आणि त्याला 'फेमोक्रसी' म्हटलं. स्त्रियांच्या नावाने चालणारी, पण नवऱ्यांच्या खुर्चीला लटकलेली सत्ता. खुर्ची गेली की कार्यक्रमाचाही जीव जातो.

केनियात याचीच दुसरी बाजू दिसते. वांगारी मथाई आपल्याला झाडांमुळे माहीत आहेत. १९७७ मध्ये त्यांनी ग्रीन बेल्ट मूव्हमेंट सुरू केली ती केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेच्या छत्राखाली. खेड्यातल्या बायकांनी रोपं तयार करायची, लावायची, आणि जगलेल्या रोपामागे त्यांना चार अमेरिकन सेंट मिळायचे. 'जगलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. १९८० मध्ये मथाई परिषदेच्या अध्यक्षपदी निवडून आल्या. सरकारला त्या नको होत्या. तेव्हा 'मेंडेलेओ या वनावाके' ही देशातली सगळ्यात मोठी महिला संघटना परिषदेतून बाहेर पडली आणि परिषदेचं जवळपास दिवाळंच निघालं. ही मेंडेलेओ १९५२ मध्ये, वसाहतीच्या काळात, सरकारी खात्याच्या पुढाकाराने निघालेली. पुढे १९८७ मध्ये ती सत्ताधारी कानू पक्षात विलीनही झाली. १९८९ मध्ये मथाईंनी नैरोबीच्या उहुरू पार्कमधल्या साठ मजली मनोऱ्याला विरोध केला, तेव्हा ग्रीन बेल्टला सरकारी इमारतीतलं ऑफिस चोवीस तासांत खाली करायला सांगितलं. त्यांनी सगळं चंबूगबाळं आपल्या लहानशा घरात हलवलं. मनोरा झाला नाही, ते सोडा, पण इथे सांगायचा मुद्दा वेगळा आहे. त्या तगल्या कशा? बाहेरच्या पैशावर! संयुक्त राष्ट्रांच्या महिलांसाठीच्या निधीने आणि नॉर्वेतल्या लोकांनी ग्रीन बेल्टला मदत केली होती. घरच्यांनी दार लावलं तेव्हा परक्यांच्या मदतीने चूल पेटती राहिली. म्हणून परदेशी पैसा म्हणजे वाईटच असं सोपं गणित मांडता येत नाही. २००४ मध्ये मथाईंना नोबेल मिळालं तेव्हा त्यांचा सगळीकडे सत्कार झाला, पण मधली पंचवीस वर्षं कशी निघाली हे विसरायला नको.

आता त्या फंडाकडे येते, ज्याच्यासाठी एवढी लांबड लावली.

१९८५ मध्ये लंडनमध्ये राहणाऱ्या काही आफ्रिकन बायकांनी 'अकिना मामा वा आफ्रिका' नावाची संस्था काढली. नाव स्वाहिली. नव्वदच्या दशकात तिच्या प्रमुख होत्या बिसी अदेलेये-फायेमी, नायजेरियन. त्यांनी तरुण आफ्रिकन बायकांसाठी नेतृत्वाचं प्रशिक्षण सुरू केलं. तीन-तीन आठवड्यांची शिबिरं नव्हे तर पुढे अनेक वर्षं चालणारी एक संस्थाच उभी राहिली त्यातून. पण त्यांना एक अडचण दिसायला लागली. मुली शिकून आपापल्या गावी परत जायच्या, उत्साहाने संघटना काढायच्या, आणि वर्षभरात भाडं भरायला पैसे नाहीत म्हणून ती बंद पडायची. नेतृत्व तयार होत होतं, पण ते उभं राहायला जमीन नव्हती.

१९९५ ची बीजिंगची जागतिक महिला परिषद याच सुमारासची. तिच्या आगेमागे आफ्रिकेतल्या बायकांमध्ये या विषयावर बरंच बोलणं झालं. युरोपात आणि अमेरिकेत तोवर बायकांनी बायकांसाठी काढलेले फंड होते. ॲम्स्टरडॅमचा मामा कॅश १९८३ पासून, कॅलिफोर्नियातला ग्लोबल फंड फॉर विमेन १९८७ पासून. मग आपला का नको? बिसींच्या जोडीला आणखी दोघी होत्या. एक जोआना फॉस्टर, घानाच्या वकील, हरारेमधून आफ्रिकाभरातल्या स्त्रियांच्या कायदेशीर हक्कांचं जाळं सांभाळलेल्या. दुसऱ्या हिल्डा तादरिया, युगांडाच्या, १९८५ मध्ये कंपालात महिला संघटना उभारण्यात वाटा असलेल्या आणि पुढे आफ्रिकेच्या आर्थिक आयोगात काम केलेल्या. या तिघींनी मिळून २००० साली आफ्रिकन विमेन्स डेव्हलपमेंट फंड सुरू केला. अख्ख्या आफ्रिका खंडासाठी आफ्रिकन बायकांनी काढलेला हा पहिला फंड. मुख्यालय अक्रात. म्हणजे जिथे माकोलावर सुरुंग लागले त्याच शहरात. हा योगायोगच, पण मला तो विसरता येत नाही.

२००१ पासून त्यांनी मदत द्यायला सुरुवात केली. आजवर चाळीसहून जास्त देशांतल्या हजाराहून जास्त संघटनांपर्यंत हा पैसा पोचला आहे. सुरुवातीच्या रकमा लहान असायच्या, काही हजार डॉलरच्या. मग यात वेगळं काय?

वेगळं काय ते कळायला मदत नेहमी कशी मिळते हे बघावं लागतं. मोठा डोनर पैसे देतो ते 'प्रोजेक्ट'ला. इतक्या बायकांना इतक्या महिन्यांत इतकं प्रशिक्षण, मग रिपोर्ट, मग फोटो. ऑफिसचं भाडं, विजेचं बिल, हिशेब लिहिणाऱ्या मुलीचा पगार, अचानक मोर्चा काढावा लागला तर बसचं भाडं, याला त्या कागदात रकानाच नसतो. आणि चळवळ तर या रकाना नसलेल्या गोष्टींवरच चालते. उदाहरण द्यायचं तर लायबेरियाच्या बायकांचं. २००३ मध्ये अक्रात लायबेरियाच्या शांततेच्या वाटाघाटी चालू होत्या, पुढारी हॉटेलांत आरामात होते आणि तिकडे मन्रोव्हियात माणसं मरत होती. लेमा बोवी आणि पांढऱ्या कपड्यातल्या त्यांच्या साथीदार बायकांनी, अक्राजवळच्या बुडुबुरम निर्वासित छावणीतल्या बायकांना बरोबर घेऊन, सभागृहाच्या दाराशी ठिय्या दिला आणि कुणालाही बाहेर पडू देईनात. १८ ऑगस्ट २००३ रोजी करार झाला. (तारीख तीच, माकोलाची! चोवीस वर्षांनी.) दोन वर्षं आधी भरलेल्या कुठल्या प्रोजेक्टच्या अर्जात हे लिहिता आलं असतं?

स्त्रीवादी फंड म्हणवणाऱ्यांचं म्हणणं हे आहे की पैसा संघटनेवर विश्वास ठेवून द्या. तिचं घर चालू राहील असा द्या, एका वर्षासाठी न देता काही वर्षांसाठी द्या, आणि तो कशावर खर्च करायचा हे तिला ठरवू द्या. ऐकायला साधं वाटतं. प्रत्यक्षात किती दुर्मीळ आहे ते आकड्यांत दिसतं. एविड या जागतिक महिला संघटनेने २०११ मध्ये जगभरातल्या हजाराहून जास्त महिला संघटनांची पाहणी केली. २०१० या वर्षी मधल्या संघटनेचं उत्पन्न होतं वीस हजार डॉलर, म्हणजे निम्म्या संघटना त्याहूनही कमी पैशात वर्ष काढत होत्या. जवळपास निम्म्यांना घर चालवण्यासाठीचा, प्रोजेक्टला न बांधलेला पैसा कधीच मिळाला नव्हता. ७४० संघटनांचं मिळून उत्पन्न १० कोटी ६० लाख डॉलर. त्याच वर्षी एकट्या वर्ल्ड व्हिजन या संस्थेचं अंदाजपत्रक होतं सुमारे २६१ कोटी. त्या अहवालाचं नावच होतं, पानांना पाणी आणि मुळं उपाशी, अशा अर्थाचं.

मुळांना पाणी मिळालं तर काय होतं? त्यासाठी परत घानाकडे बघू. १९९८ ते २००० या काळात अक्रात एकामागून एक तीसहून जास्त बायकांचे खून झाले. पोलीस ढिम्म. तेव्हा 'सिस्टर्स कीपर्स' या नावाने बायका काळे-लाल कपडे घालून रस्त्यावर उतरल्या. त्या संतापातून आघाड्या उभ्या राहिल्या, २००४ मध्ये घानाच्या बायकांचा जाहीरनामा निघाला, आणि वर्षानुवर्षं रेटा लावून २००७ मध्ये घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा झाला. संसदेत समान वाटा मिळावा म्हणूनचा कायदा तर २०२४ मध्ये झाला. म्हणजे मोर्चा एका दिवसाचा, पण काम वीस-पंचवीस वर्षांचं. कुणीतरी एवढी वर्षं ऑफिस उघडं ठेवलं, बैठकांची पत्रं पाठवली, मसुदे परत परत लिहिले. त्या 'कुणीतरी'चा पगार कुठून आला हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात सहसा विचारत नाहीत.

२००६ च्या नोव्हेंबरात याच फंडाच्या पुढाकाराने अक्रात शंभरहून जास्त आफ्रिकन स्त्रीवादी जमल्या आणि त्यांनी आपली एक सनद तयार केली. आम्ही स्वतःला स्त्रीवादी म्हणवतो आणि त्याला कुठलंही पण-परंतु लावत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. स्त्रीवाद हे पाश्चात्त्य खूळ आहे असं म्हणणाऱ्यांना आपल्या खापरपणज्यांचा इतिहास दाखवून दिलेलं ते उत्तर होतं. मला त्यातली आणखी एक गोष्ट भावली. आपल्या संघटनांच्या आत सत्ता कशी वापरायची, तरुण मुलींना जागा कशी द्यायची, पैशाचा चोख हिशेब कसा द्यायचा, यावरही त्या बोलल्या. म्हणजे जो हिशेब राजाकडे मागितला तो स्वतःकडेही.

आता अवघड भाग. या फंडाचा पैसा कुठून येतो? बराचसा युरोप-अमेरिकेतल्या प्रतिष्ठानांकडून आणि सरकारांकडून. मग सही खरोखर कुणाची? यावर त्यांचं उत्तर मला अर्धं पटतं. ते असं, की पैसा बाहेरून आला तरी तो कुणाला आणि कशासाठी द्यायचा हे इथे ठरतं, आफ्रिकन बायका ठरवतात. हे खरंच आहे आणि लहान नाही. कांपालातली किंवा लोमेतली एखादी लहान संघटना जिनिव्हाच्या साहेबापेक्षा अक्रातल्या बाईला आपली अडचण जास्त नीट सांगू शकते. पण देणाऱ्याची भीती शेवटी राहतेच, देणारी बाई असली तरी. अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, आणि खेड्यातल्या मासळीवाल्या बायकांची मंडळी त्यात मागेच पडणार. शिवाय वरचा नळ बंद झाला तर? २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी मदत स्थगित केली आणि १ जुलै २०२५ ला त्यांची यूएसएड ही संस्थाच बंद झाली. एका सहीने! त्याचा फटका आफ्रिकेतल्या दवाखान्यांपासून महिला संघटनांपर्यंत सगळ्यांना बसला.

इतिहास सरळ रेषेत चालत नाही याचंही एक उदाहरण याच गोष्टीत आहे. फंड काढणाऱ्या बिसी पुढे नायजेरियातल्या एकिटी राज्याच्या गव्हर्नरच्या पत्नी झाल्या, २०१० मध्ये. म्हणजे ज्या 'साहेबांच्या पत्नी'च्या राजकारणावर स्त्रीवाद्यांनी टीका केली त्याच खुर्चीत. २०११ मध्ये एकिटीत स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्ध कायदा झाला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. याला काय म्हणायचं? खुर्ची वाईट असते पण बसणारी कोण यावरही काही असतं, असं? की कायदा झाला तो त्यांच्यामागे आधीची वीस वर्षं उभी होती म्हणून? मला दुसरं जास्त खरं वाटतं, पण खात्रीने सांगणार नाही.

मला वाटतं पुढची खरी परीक्षा सुसुची आहे. आफ्रिकेत देण्याची सवय कमी नाही. मयताला, बारशाला, शाळेच्या फीला, शहरात नोकरीला लागलेली प्रत्येक मुलगी गावाकडे पैसे पाठवतेच. पण भाचीच्या फीला पैसे देणं आणि भाचीच्या वयाच्या सगळ्या मुलींसाठी खटला लढणाऱ्या संघटनेला पैसे देणं यात एक पायरी आहे. ती पायरी अबेओकुटाच्या बायकांनी १९४६ मध्ये चढून दाखवली होती, मासळी आणि तांदूळ विकून आलेल्या पैशावर. परदेशी प्रतिष्ठान नव्हतं, प्रोजेक्ट नव्हता. वर्गणी होती आणि तिच्यातून नेमलेला हिशेबनीस होता.

आणि हा प्रश्न फक्त आफ्रिकेचा नाही, हे लिहिता लिहिता जाणवतंय. तुमच्यापैकी अनेक जणी भिशीत आहात. कुठल्या भिशीने कधी एक महिना राखून ठेवून तो फ्रिजऐवजी कुणाच्या कोर्टकज्जाला, कुणाच्या संघटनेच्या भाड्याला दिलाय का? दिला असेल तर मला जरूर कळवा. ते कसं ठरलं आणि सही कुणी केली, हेही.